पाठीकडून काळजाकडे

अंडं दिसलं की तो आधी मोबाइलची बॅटरी लावायचा. अंडं कुणाच्याही घरचं असो. डाव्या हाताच्या चिमटीत अंडं, खालून उजेड आणि एक डोळा बारीक. एकदा मी ताटात वाढलेलं उकडलेलं अंडंसुद्धा त्यानं असंच उजेडावर धरलं. मग स्वतःच हसला, सोललं आणि मीठ लावून खाल्लं.

"पाहू द्या ना बाई, सवय लागली," एवढंच म्हणाला.

तो आमचा भाडेकरू. अहेरीत आमच्या घराला रस्त्याच्या बाजूनं एक सुटी खोली आहे, तिथे तो राहायचा. मूळचा जिवतीकडच्या डोंगरातला, घरी कापूस आणि तुरीची कोरडवाहू शेती. इथल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायला आला होता आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करत होता. मार्गदर्शक नागपूरला, हा इथे. मी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून त्याची मी बाई. माझे यजमान लाकडाच्या डेपोत. घरात आम्ही दोघं आणि कोंबड्या.

कोंबड्या पाहूनच त्यानं खोली घेतली. भिंतीला ओल होती, नळ दिवसाआड यायचा, त्याबद्दल अवाक्षर नाही. विचारलं काय, तर यातल्या खुडूक किती बसतात आणि कोंबडा घरचाच आहे का. यजमानांनी मला आत बोलावलं आणि हळूच विचारलं, याला खोली द्यायची ना नक्की? मी म्हटलं, द्या. भाडं बुडवणारा माणूस कोंबड्याची चौकशी करत नाही.

त्याचं काम मला समजायला बराच काळ गेला, तुम्हाला लवकर सांगते. कोंबडीनं अंडं दोनेक दिवस उबवलं की बलकावर पिल्लाची सुरुवात दिसते, तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्या पाठीच्या कडेला काही पेशी असतात. त्या तिथे थांबत नाहीत. उठतात आणि चालायला लागतात. काही चेहऱ्याकडे जातात, काही मानेकडे, आणि काही थेट हृदयाकडे. हृदयातून रक्त बाहेर नेणारी एकच नळी असते, तिच्यात जाऊन त्या मधला पडदा बांधायला लागतात, तेव्हा कुठे एकीच्या दोन नळ्या होतात. आता सगळ्या पेशी दिसायला सारख्या. कोणती कुठून आली हे ओळखायचं कसं? म्हणून त्या निघायच्या आधीच त्यांना रंगवून ठेवायचं.

रंगाची बाटली बोटाच्या पेराएवढी. उजेड लागला की रंग मरतो, म्हणून चंदेरी कागदात गुंडाळलेली. ती राहायची माझ्या फ्रीजमध्ये, बर्फाच्या खणात, वर लिहिलेलं 'हात लावू नये'. यजमान म्हणायचे, आपल्याच फ्रीजला हात लावायला आता परवानगी काढावी लागते. हा रंग तेलाच्या जातीचा, आणि पेशीच्या भोवतीचा पापुद्राही तेलाच्याच जातीचा. त्यामुळे रंग पाण्यात थांबत नाही, पापुद्र्यात जाऊन बसतो. तेलात कालवलेल्या हळदीचा डाग लुगड्यावर पडला की निघत नाही, तसंच. साध्या डोळ्याला तो फिका गुलाबी दिसायचा. सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा उजेड सोडला की पेटल्यासारखा नारिंगी.

काचेच्या बारीक नळ्या तो माझ्या गॅसवर तापवायचा आणि ओढायचा. ओढता ओढता नळीची केसासारखी सुई होते. या सुईनं तो गर्भाच्या पाठीत थेंबाचाही कितवा तरी भाग रंग सोडायचा. त्या वेळी श्वास रोखायचा. मी एकदा पाहायला गेले तर मीही रोखला आणि मला ठसका लागला. त्या दिवशीचं अंडं वाया गेलं. तो रागावला नाही, फक्त पुढच्या वेळी मला म्हणाला, "बाई, तुम्ही दारातून पाहा."

कॉलेजात अंडी उबवायची पेटी होती. पण आमच्याकडची वीज तुम्हाला ठाऊक आहे. वारा सुटला की गेली, आणि गेली की कधी येईल ते कुणी सांगत नाही. पेटी थंड पडली की आतले सगळे गर्भ मेले. म्हणून त्यानं सुरुवातीचं उबवणं माझ्या कोंबड्यांवर सोपवलं. रोज सकाळी दात घासता घासता अंगणात यायचा आणि विचारायचा, "बाई, बसली का?" तोंडात फेस असल्यामुळे ते नीट ऐकूही यायचं नाही. कोंबडी खुडूक बसली असेल तर त्याचा दिवस चांगला. शेजारच्या बायका विचारायच्या, सरांचं संशोधन कुठवर आलं? मी म्हणायची, काळी बसली आहे, लाल अजून बसायची आहे.

एकदा त्यानं मोठी चूक केली. रंगवण्यासाठी अंड्याला खिडकी पाडावी लागते, कवचाचा चौकोनी तुकडा काढायचा आणि काम झालं की वर चिकटपट्टी लावायची. अशी रंगवलेली अंडी त्यानं कौतुकानं पुन्हा काळीखाली ठेवली. ऊबही आहे, अंधारही आहे, आणखी काय पाहिजे, असं म्हणाला. पण कोंबडी अंडी नुसती उबवत नाही, चोचीनं उलटत राहते. काळीनं तिच्या धर्माप्रमाणे अंडी उलटली, सगळ्या पट्ट्या सुटल्या आणि आतलं बाहेर आलं. तो गवतात उकिडवा बसून बराच वेळ काळीकडे पाहत होता. "आमच्या घरी मी लहानपणापासून हेच पाहून राह्यलो," म्हणाला, "अन् ऐन टायमाले डोस्क्यात आलं नाई." मग खूप हसला. त्यानंतर रंगवलेली अंडी थर्माकोलच्या खोक्यात, आजूबाजूला गरम पाण्याच्या बाटल्या. तो तासाला गेला की बाटल्या बदलायच्या माझ्याकडे. माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपार त्या खोक्याची.

आणि संक्रांतीच्या सुमारास सगळंच अडलं. त्या दिवसांत आडरानात कोंबडबाजार भरतो, कोंबड्यांच्या झुंजी लागतात. बंदी आहे, तरी भरतो. आमचा कोंबडा चांगला उंच, लाल तुऱ्याचा. तो यजमानांच्या एका मित्रानं नेला आणि परत आला तो मटण म्हणून. आळीतल्या इतरांचेही असेच गेले. त्यानंतर काही आठवडे हा माणूस अंड्यामागून अंडं फोडतोय आणि आत काहीच नाही. नागपूरच्या मार्गदर्शकांना त्यानं फोनवर काय सांगितलं ते मी ऐकलं. सर, सध्या काम बंद आहे, आमच्या गावात कोंबडाच उरला नाही. पलीकडून काय उत्तर आलं ठाऊक नाही, पण तो फोन कानाला धरून फार वेळ ऐकत होता.

काम कसं चाललंय असं विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "निघाल्या हायेत बाई. पोचल्या नाईत अजून."

एकदा मी विचारलं, हा रंग टिकतो किती? तो म्हणाला, पेशी एकीच्या दोन झाली की रंग दोघींत निम्मा निम्मा जातो. दोनच्या चार झाल्या की आणखी निम्मा. "होत होत इतका फिका होते का मशीनलेही दिसत नाई. पेशी असते तिथंच. आपल्याले ओळखू येत नाई, एवढंच." त्या वेळी मला त्यात विशेष काही वाटलं नाही. मी तांदूळ निवडत होते.

हृदयच का, हे त्यानं सांगितलं ते खूप पुढे. त्याला एक धाकटी बहीण होती. रडली की तिचे ओठ निळे पडायचे, थोडं चाललं तरी खाली बसायची. चंद्रपूरला दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, जन्मतःच हृदय नीट बांधलं गेलेलं नाही, मोठ्या ठिकाणी न्या. न्यायची तयारी होईपर्यंत मुलगी राहिली नाही. त्या मुलीच्या वेळी आईला पाचवा महिना असताना ग्रहण लागलं होतं आणि आईनं त्या दिवशी विळ्यानं गवत कापलं होतं. गावाला कारण सापडलं. वडिलांनाही. मुलगी शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा आईला जवळ बसू दिलं नाही, तिची सावली नको म्हणाले. वडील पुढे वारले, पण ते कारण घरातून गेलं नाही. आई अजून विळा किंवा विळी हातात घेत नाही, बाजूच्या बाईकडून भाजी चिरून घेते.

"मले आईले दाखवाचं हाय," तो म्हणाला. "सांगून पाह्यलं लय वेळा. ते मान हलवते. तिले वाटते पोरगा हाय, आईची बाजू घेऊन राह्यला. डोळ्यानं पाह्यलं तर गोष्ट वेगळी."

मला मूल नाही. त्याचीही कारणं लोकांनी मला वेळोवेळी पुरवली आहेत. कुणी म्हणतं लग्नात अमुक राहिलं, कुणी म्हणतं माहेरच्या देवाचं देणं. हे सगळं अंगणात बोललं जायचं आणि त्याची खोली अंगणाला लागून. त्याच्या कानावर गेलंच असणार. आमच्याकडे पहिल्या भेटीत मुलंबाळं विचारतात. त्यानं इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही.

मग एका दुपारी तो कॉलेजातून जवळजवळ पळत आला. हातात जिलेबीचा पुडा. पोचल्या, म्हणाला. हृदयात नारिंगी दिसलं होतं. आळीत जिलेबी वाटली, डेपोतसुद्धा पाठवली. आईला फोन केला, ये म्हणाला. ती बिचारी जिवतीहून निघाली, राजुऱ्याला गाडी बदलून, दिवसभर बसमध्ये बसून येणार होती.

ती यायच्या आदल्या दिवशी तो तोंड पाडून अंगणात बसला होता. पुन्हा पुन्हा पाहिल्यावर त्याला शंका आली होती. सुईतला रंग जास्त झाला होता, पाठीतल्या बऱ्याच पेशी त्यामुळे मेल्या होत्या. मेलेल्या पेशी खाऊन टाकणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात, त्यांनी रंगासकट त्या खाल्ल्या आणि मग स्वतःच फिरत फिरत हृदयाकडे गेल्या. नारिंगी दिसत होतं ते खरं. पण ज्यांची वाट पाहत होता, त्या या नव्हत्या. आळीतल्या ज्या ज्या घरी जिलेबी दिली होती तिथे जाऊन तो सांगून आला की माझं चुकलं. लोकांना काय चुकलं तेही कळलं नाही. जिलेबी चांगली होती, म्हणाले.

मी त्याला समजावलं. म्हटलं, आई एवढी लांबून येते आहे. तेच दाखव. तिला काय कळणार आहे? तू सांगतोस ते तर खरंच आहे, आज ना उद्या दिसेलच. तिच्या डोक्यावरचं ओझं आज उतरेल.

तो माझ्याकडे पाहत राहिला. "तिले आधीच एकदा खोटं सांगितलं लोकायनं," म्हणाला. "आता म्याही सांगू?"

आई आली, दोन दिवस राहिली, मला तुरीच्या शेंगा सोलून दिल्या आणि काही न पाहता परत गेली. आपल्याला कशाला बोलावलं होतं हे तिनं विचारलंही नाही. बसमध्ये बसताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवशी मला त्याचा राग आला होता, खरं सांगते.

पुढचं वर्ष त्याचं वाईट गेलं. रंग कमी केला तर दिसत नव्हता, वाढवला तर पेशी मरत होत्या. कॉलेजात कुजबुज होती की पुढच्या वर्षी त्या विषयाच्या तासिका निघणार नाहीत. म्हणजे नोकरी नाही, खोली नाही, आणि नागपूरनं टाकून दिलेला, कॉलेजात आणून ठेवलेला जुना सूक्ष्मदर्शकही नाही. तो बारीक झाला. सकाळी दात घासत यायचा, विचारायचा नाही, नुसता कोंबड्यांकडे पाहायचा. मीच सांगायची, बसली हो.

उन्हाळ्याच्या तोंडावर जमलं. या वेळी जिलेबी नाही, आरडाओरडा नाही. एकदा झालं, पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तसंच आलं. मेलेल्या पेशी नव्हत्या, मधली सगळी वाट नारिंगी दिसत होती, पाठीपासून थेट हृदयापर्यंत. मग त्यानं आईला फोन केला.

कॉलेजच्या त्या खोलीच्या खिडक्यांना जुनी घोंगडी लावून अंधार केला होता. आई, तो आणि मी. त्यानं अंड्यातून तो गर्भ काढून कोमट पाण्याच्या काचेच्या बशीत ठेवला. शेंगदाण्याएवढा असेल. हृदय चालू होतं. आईनं आधी चुकीचा डोळा मिटला, मग त्यानं तिचं डोकं हळूच धरून नीट केलं.

"दिसलं?"

"लुकलुक करून राह्यलं."

"ते काळीज. अन् नारिंगी ठिपके हायेत ना, ते म्या पाठीत रंगवले होते. तिथून चालत आले."

डोळा न काढता तिनं विचारलं, "आपल्या पोरीचे?"

"निघाले असतीन, आई. पोचले नाईत. काऊन नाई पोचले, ते मलेही नाई मालूम." तो तिच्या शेजारच्या स्टुलावर बसला. "पण हे सारं पयल्या दोन महिन्यातच होऊन जाते. बाईले आपल्याले दिवस गेले हे धड समजत नाई, तवा. गिरण लागलं तवा तुले पाचवा होता. तिचं काळीज तवा बनून झालं होतं. तुह्या इळ्यानं काही झालं नाई."

आईनं पदरानं तोंड पुसलं. तिच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसेल असं वाटलं होतं. तशी ती दिसली नाही.

"हे तुह्या बापाले दाखवाचं होतं," ती म्हणाली.

तो उठून घोंगडी काढायला लागला. तेव्हा तिनं विचारलं, हे काळीज आता किती वेळ चालेल? तो म्हणाला, पाणी थंड झालं की थांबेल. ती म्हणाली, मग अंधार राहू दे. आणि पुन्हा डोळा लावला. आम्ही दोघं बाजूला उभे. ती वाकून, दोन्ही हात टेबलावर टेकून, पाहत राहिली. पाय दुखत असतील, पाठ भरून आली असेल, पण हलली नाही. शेवटी तिनंच सांगितलं, थांबलं. मग ती सरळ झाली.

त्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात तिनं विळी मागितली आणि वांगी चिरली. भाजीत मीठ जास्त झालं होतं, तरी सगळ्यांनी दोनदा घेतली.

तासिका निघाल्या नाहीत. त्याला दक्षिणेत एका मोठ्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. तिथे वीज जात नाही, पेटीत एका वेळी शेकडो अंडी राहतात, असं त्यानं सांगितलं. मी म्हटलं, मग काय, चैन आहे. तो म्हणाला, हो.

मी आणि यजमान बस स्टँडवर सोडायला गेलो. यजमान खिडकीची जागा धरायला बसमध्ये चढले. तो माझ्या पाया पडला आणि उठल्यावर तसाच समोर उभा राहिला. गाडीकडे बघत, जसं काही तिलाच सांगतोय, म्हणाला, "बाई, तुमचंही काही चुकलं नाई."

मग बसमध्ये चढला. मी हात हलवला की नाही ते मला आठवत नाही.

आता त्याला बरीच वर्षं झाली. सुरुवातीला फोन यायचे, कोंबड्यांची नावं घेऊन चौकशी असायची. मग सणावारी. आता तिकडे त्याचं घर झालं, कामं वाढली, असंच होतं. मी रागावलेली नाही. यजमानांनी दोनदा नवे भाडेकरू आणले, मी ओलीचं कारण सांगून दोघांना परत पाठवलं. यजमानांना कळतं सगळं, तिसरा त्यांनी आणला नाही.

परवा आळीतली एक बाई हळदीकुंकवाला आली होती. बोलता बोलता म्हणाली, तुमच्याकडून माहेरच्या देवाचं तेवढं राहिलं हो, नाहीतर असं झालं नसतं. मी तिला चहा दिला, वाण दिलं, फाटकापर्यंत पोचवलं. मग पुढच्या, त्याच्या रिकाम्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. काही काम नव्हतं तिथे. त्याच्या तोंडून ते बस स्टँडवरचं एकदा ऐकायचं होतं मला, पुन्हा.